भिंतीमागचे पाणी : निवासी उतारावरील संरक्षक भिंतीचा इतिहास, विशेष संदर्भ हाँगकाँग

प्रास्ताविक

डोंगरउतारावर घर बांधावयाचे असल्यास प्रथम सपाट जागा निर्माण करावी लागते. त्यासाठी वरच्या बाजूने डोंगर कापला जातो, निघालेली माती खालच्या बाजूस भराव म्हणून टाकली जाते आणि कापलेला किंवा भरलेला भाग उभा राहावा म्हणून भिंत बांधली जाते. मराठीत तिला संरक्षक भिंत म्हणतात. घर, छप्पर, दरवाजा यांच्याप्रमाणे ती कोणाच्या अभिमानाचा विषय होत नाही. वास्तुशास्त्राच्या इतिहासात राजवाडे, मंदिरे, पूल यांना स्थान मिळते. घरामागची भिंत मात्र ती कोसळेपर्यंत कोणाच्या नजरेस येत नाही. त्यामुळे तिचा इतिहास प्रामुख्याने अपघातांच्या चौकशी अहवालांतून वाचावा लागतो.

प्रस्तुत लेखात या भिंतीमागील शास्त्राची वाटचाल थोडक्यात पाहून, हे शास्त्र पूर्णपणे उपलब्ध असतानाही विसाव्या शतकात हाँगकाँगसारख्या शहरात निवासी उतार का कोसळले आणि त्या अनुभवातून तेथे कोणती व्यवस्था उभी राहिली, याचा विचार केला आहे. शेवटी मुंबई व पुणे येथील अलीकडील दुर्घटनांकडे त्याच दृष्टीने पाहिले आहे.

मातीचा दाब : सिद्धांताची वाटचाल

भिंतीमागची माती भिंतीस ढकलते, हे ज्ञान फार जुने आहे. रोमन वास्तुविशारद व्हिट्रुव्हियस याने आपल्या ग्रंथाच्या सहाव्या भागात पायाच्या बांधकामाविषयी लिहिताना एक महत्त्वाचे निरीक्षण नोंदविले आहे. उन्हाळ्यात माती ज्या वजनाची असते त्या वजनाची ती पावसाळी हिवाळ्यात राहत नाही; पाणी पिऊन ती जड होते, फुगते आणि भोवतीची भिंत बाहेर लोटते, असा त्याचा आशय आहे. यावर उपाय म्हणून त्याने बाहेरून आधारस्तंभ आणि आतून करवतीच्या दात्यांसारखी रचना सुचविली. दोन हजार वर्षांपूर्वीच्या या निरीक्षणात माती आणि पाणी यांचा विचार एकत्रच झालेला आहे, ही बाब लक्षात ठेवण्याजोगी आहे. पुढील काळात गणित वाढले, परंतु प्रत्यक्ष बांधकामात या दोहोंची फारकत वारंवार होत गेली.

आधुनिक सिद्धांताचा जन्म घरासाठी झाला नाही, तो किल्ल्यांसाठी झाला. सतराव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समध्ये व्होबां या लष्करी अभियंत्याने तटबंदीच्या भिंतींसाठी उंचीनुसार जाडीची प्रमाणे ठरवून दिली. १७२९ मध्ये बेलिदोर याचा अभियंत्यांसाठीचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. या परंपरेतच शार्ल ऑगस्टिन कुलोम वाढला. विद्युत्भाराच्या नियमामुळे त्याचे नाव आपल्याकडे पदार्थविज्ञानाच्या विद्यार्थ्यांना परिचित असते, परंतु त्याची उमेदीची वर्षे कॅरिबियन समुद्रातील मार्टिनिक बेटावर किल्ला बांधण्यात गेली. तेथील कामाच्या अनुभवावरून त्याने लिहिलेला निबंध १७७३ मध्ये पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे वाचला गेला आणि १७७६ मध्ये छापून आला. भिंत किंचित पुढे सरकली की तिच्यामागे मातीची एक पाचर सुटी होऊन घसरू पाहते. त्या पाचरीचे वजन, मातीतील घर्षण आणि कणांची परस्परांतील ओढ यांचा हिशेब मांडला की भिंतीवरील दाब काढता येतो, हा त्याचा विचार आजही अभियांत्रिकीच्या वर्गात शिकविला जातो. १८५७ मध्ये ग्लासगोचे प्राध्यापक रँकिन यांनी याच प्रश्नाची सुटसुटीत मांडणी केली.

प्रत्यक्ष काम करणाऱ्यांचा या सूत्रांवर लगेच विश्वास बसला असे मात्र नाही. लंडनच्या भुयारी रेल्वेवर काम केलेले आणि पुढे फोर्थ पुलामुळे प्रसिद्ध झालेले बेंजामिन बेकर यांनी १८८१ मध्ये एक निबंध वाचला. सूत्रांनुसार जितका दाब यावयास हवा त्यापेक्षा प्रत्यक्षात तो पुष्कळदा कमी असतो, असे त्यांनी अनेक भिंतींच्या उदाहरणांवरून दाखविले. पाया आणि भराव दोन्ही चांगले असतील तर उंचीच्या एकचतुर्थांश जाडी पुरते आणि घट्ट पायावर सामान्यतः निम्म्यापेक्षा अधिक जाडीची गरज पडत नाही, असा त्यांचा अनुभव होता. गवंड्याच्या ठोकताळ्यास यामुळे शास्त्राचा आधार मिळाल्यासारखे झाले. तथापि बेकर यांची अट सोपी नव्हती. पाया आणि भराव चांगले असतील तर, असे ते म्हणत होते. पुढे ठोकताळा तेवढा उरला आणि अट विसरली गेली, असे अनेक शहरांच्या इतिहासावरून दिसते.

पाण्याचा हिशेब

सिद्धांत आणि व्यवहार यांतील अंतर नेमके कोठे आहे, हे एका साध्या उदाहरणावरून स्पष्ट होईल. तीन मीटर उंचीची भिंत घेऊ. तिच्यामागे कोरडी, मध्यम प्रतीची वाळूमिश्रित माती आहे, तिचे वजन घनमीटरला १.८ टन आहे आणि तिच्या घर्षणामुळे उभ्या दाबाचा एकतृतीयांश भाग आडवा होऊन भिंतीवर येतो असे मानू. अशा वेळी भिंतीच्या दर मीटर लांबीवर सुमारे २.७ टन रेटा येतो. आता हीच माती पावसात माथ्यापर्यंत पाण्याने भरली आणि पाण्यास बाहेर पडण्यास वाट नसली, तर मातीचा स्वतःचा रेटा पाण्यातील उत्प्लावनामुळे कमी होऊन सुमारे १.५ टनावर येतो; परंतु पाणी स्वतः ४.५ टन रेटा देते. एकूण रेटा ६ टन होतो. मातीत घर्षण असते, पाण्यात ते नसते, म्हणून पाण्याचा संपूर्ण दाब भिंतीवर येतो. भिंत तीच, माती तीच, आणि एका रात्रीत भार दुपटीहून अधिक.

उंचीचा परिणामही असाच फसवा असतो. उंची दुप्पट केली की रेटा चौपट होतो आणि भिंतीस उलथविणारा जोर आठपट होतो. तीन मीटरची भिंत पाहिलेल्या गवंड्याने सहा मीटरची भिंत दुप्पट जाड बांधली, तर दुप्पट काम केल्याचे समाधान त्यास मिळेल, पण भिंत आवश्यक तितकी सुरक्षित होईलच असे नाही.

म्हणूनच भिंतीमागे खडीचा थर, तळाशी निचऱ्याची नळी आणि भिंतीत ठराविक अंतरावर पाझर छिद्रे ठेवणे हा संरक्षक भिंतीच्या रचनेचा गाभा आहे. १९२०च्या दशकात कार्ल तेरझागी यांनी मातीतील पाण्याच्या दाबाचा स्वतंत्र विचार मांडला. त्यांचा मृदा-यांत्रिकीवरील ग्रंथ १९२५ मध्ये प्रसिद्ध झाला आणि हे सर्व शास्त्राच्या भाषेत आले. कोकणातील शेतकऱ्यास मात्र त्याची एक बाजू अनुभवाने ठाऊक होती. घराभोवतीचा किंवा बागेचा जांभ्याचा गडगा चुन्याशिवाय, सुका रचला जातो. त्यास पाझर छिद्रांची गरज नसते, कारण तो सगळाच छिद्रांचा असतो. सिमेंटने दर्जा भरून ‘पक्की’ केलेली भिंत दिसावयास अधिक मजबूत दिसते. पाण्याच्या बाबतीत ती अधिक दुबळी ठरू शकते.

हाँगकाँग : उतारावर वाढलेले शहर

१८४१ मध्ये ब्रिटिशांच्या ताब्यात आलेल्या हाँगकाँग बेटावर किनाऱ्यालगतची सपाट जमीन फारच थोडी होती. त्यामुळे वस्ती डोंगरावर चढत गेली. स्थानिक ग्रॅनाइटच्या खाणींत काम करणाऱ्या हाक्का पाथरवटांच्या कौशल्यातून बेटाच्या मध्य उतारावर दगडी भिंतींच्या पायऱ्या उभ्या राहिल्या आणि त्यांवर रस्ते व घरे आली. जुन्या दगडी भिंती अनुभवसिद्ध ठोकताळ्यांनी बांधल्या गेल्या. कापलेल्या उतारासाठी दहास सहा, म्हणजे दहा फूट उंचीस सहा फूट आडवे, असा जवळजवळ साठ अंशांचा कोन सर्रास धरला जाई. हवेने कुजलेला ग्रॅनाइट कोरडा असताना या कोनात उभा राहतो, कारण त्यातील ओलावा कणांना धरून ठेवतो. पाणी अधिक झाले की ही पकड सुटते. उघड्या उतारात पाणी मुरू नये म्हणून माती, चुना आणि सिमेंट यांचा गिलावा देण्याची तेथे पद्धत पडली. त्या गिलाव्यास हाँगकाँगमधील अभियंते ‘चुनम’ म्हणतात. संस्कृत ‘चूर्ण’ शब्दाच्या कुळातील हा शब्द दक्षिण भारतातून ब्रिटिशांबरोबर प्रवास करत तेथे पोचला आणि तांत्रिक पुस्तकांत कायमचा राहिला.

दुसऱ्या महायुद्धानंतर चीनमधून आलेल्या निर्वासितांमुळे लोकसंख्या झपाट्याने वाढली. डोंगर कापण्याचा आणि भराव टाकण्याचा वेग त्याहून वाढला. भराव टाकण्याची पद्धत अशी की गाडीतून माती उताराच्या कडेवरून खाली लोटावयाची आणि ती आपल्या वजनाने बसेल असे समजावयाचे. थरांनी पसरून, पाणी मारून, दाबून भराव करण्याची रीत रस्त्यांच्या व धरणांच्या कामात जगभर रुळलेली होती, तरीही वसाहतींच्या कामात ती पाळली गेली नाही.

१८ जून १९७२

जून १९७२ मध्ये तीन दिवसांत हाँगकाँगमध्ये सुमारे ६५० मिलिमीटर पाऊस झाला. १८ जूनच्या दुपारी क्वुन तोंग भागातील साउ माउ पिंग येथे रस्त्याचा उंच भराव कोसळून खालच्या गरीब वस्तीवर आला. त्यात ७१ माणसे मृत्युमुखी पडली. त्याच रात्री नऊच्या सुमारास हाँगकाँग बेटावर, सधनांच्या मध्य उतारावरील पो शान रोडजवळ डोंगराचा भाग सुटला आणि खाली कोटवॉल रोडवरील बहुमजली निवासी इमारत त्याने उखडून टाकली. तेथे ६७ माणसे मरण पावली. या रस्त्याचे नाव रॉबर्ट कोटवॉल या पारशी पित्याच्या व चिनी मातेच्या पुत्राचे आहे, हेही येथे नमूद करावयास हरकत नाही. हिंदुस्थानातून गेलेल्या कुटुंबांच्या खुणा त्या शहराच्या नकाशावर अशा अनपेक्षित ठिकाणी आढळतात.

एकाच दिवशी गरीब आणि श्रीमंत अशा दोन्ही वस्त्यांवर डोंगर आला, ही गोष्ट पुढील घटनाक्रमाच्या दृष्टीने महत्त्वाची मानावी लागेल. केवळ झोपडपट्टीवर दरड कोसळली असती तर ती ‘धोकादायक जागी राहिल्याचा’ परिणाम ठरविली गेली असती, अशी शंका घेण्यास जागा आहे. पो शान रोडच्या वर खासगी इमारतीसाठी खोदकाम चालू होते. तेथे तो युक्तिवाद चालण्यासारखा नव्हता. न्यायाधीश यांग ती-लियांग यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग नेमला गेला. तरीही कायमस्वरूपी यंत्रणा उभी राहण्यास दुसरी दुर्घटना घडावी लागली. २५ ऑगस्ट १९७६ रोजी साउ माउ पिंग येथील सरकारी वसाहतीमागचा न दाबलेला भराव कोसळून १८ जणांचा बळी गेला. चार वर्षांच्या अंतराने, जवळजवळ त्याच ठिकाणी, त्याच कारणाने हे घडले. तज्ज्ञांच्या स्वतंत्र समितीच्या शिफारशीवरून १९७७ मध्ये भूतंत्र नियंत्रण कार्यालय स्थापन झाले. उतारावरील प्रत्येक नव्या खोदकामाचे व भिंतीचे आराखडे तपासणे, जुन्या उतारांची डागडुजी करणे आणि अतिवृष्टीत दरडीचा इशारा देणे ही कामे त्याकडे आली. १९८२ मध्ये या कार्यालयाने संरक्षक भिंतीच्या रचनेविषयी मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. भिंत सरकणे, उलथणे आणि पायाखालची जमीन दबणे यांच्या हिशेबाइतकेच तिच्यात भूजल आणि निचरा यांस महत्त्व देण्यात आले.

जाडीचा प्रश्न आणि मालकीचा प्रश्न

नव्या भिंतींचा प्रश्न अशा रीतीने बराच आटोक्यात आला. जुन्या भिंतींचे काय, हे १९९४ मध्ये कळले. २३ जुलैच्या रात्री बेटाच्या पश्चिमेकडील क्वुन लुंग लाउ या गृहवसाहतीलगतची जुनी दगडी भिंत कोसळली आणि खालून जाणाऱ्या व उभ्या असलेल्या लोकांपैकी पाच जण ठार झाले. कॅनडातील प्राध्यापक नॉर्बर्ट मॉर्गनस्टर्न यांनी चौकशी केली. तीतून दोन गोष्टी पुढे आल्या. पूर्वीच्या तपासण्यांत गृहीत धरली होती त्यापेक्षा भिंत प्रत्यक्षात पुष्कळ पातळ होती. आणि तिच्यामागची माती केवळ पावसाने भिजली नव्हती. जमिनीखालच्या सांडपाण्याच्या आणि पावसाळी पाण्याच्या नळांतून गळती होत होती.

या निष्कर्षाचा अर्थ गंभीर आहे. दगडी भिंतीचा दर्शनी भाग पाहून तिची जाडी कळत नाही. समोरून घडीव दगडांची, नीट दर्जा भरलेली भिंत आणि तिच्यामागे हातभर रुंदीचे चिरे, हे पाहणाऱ्यास समजण्याचा मार्ग नाही. तपासणी झाली होती, पण तपासणारा जे पाहू शकत होता तेच त्याने पाहिले. दुसरे असे की ज्या पाण्याने भिंत पाडली ते आकाशातून येण्याची गरज नव्हती. राहत्या घरांच्या नळांतूनही ते येऊ शकत होते. मागच्या इमारतीतील एक फुटका नळ खालच्या रस्त्यावरील माणसाचे मरण ठरू शकतो, ही जाणीव संरक्षक भिंतीच्या इतिहासात नवी होती. रचनाकाराचे गणित कितीही अचूक असले तरी पन्नास वर्षांनी गळणारा नळ त्या गणितात नसतो.

१९९५ मध्ये निघालेली पुढची मार्गदर्शिका त्यामुळे बांधकामाविषयी नव्हती, देखभालीविषयी होती. दरवर्षी पावसाळ्यापूर्वी साधी पाहणी करावी, पाझर छिद्रे मोकळी आहेत का, गटारे तुंबली आहेत का, भिंतीस पोट आले आहे का ते पाहावे आणि पाच वर्षांनी पात्र अभियंत्याकडून तपासणी करावी, अशी पद्धत तिच्यात सांगितली. पण पाहणी करावयाची कोणी? उतार एका मालकाच्या हद्दीत, भिंत दुसऱ्याच्या, तिची पायथ्याची जागा सरकारी, असा प्रकार सर्रास होता. विसाव्या शतकाच्या अखेरीस तेथील भूमी विभागाने सुमारे साठ हजार मानवनिर्मित उतार व भिंतींपैकी प्रत्येकाची देखभाल कोणाची, हे कागदपत्रे तपासून ठरविण्याचे काम केले. प्रत्येक उतारास क्रमांक मिळाला, त्या क्रमांकाची लहान पाटी उतारावर लागली. सदनिकाधारकांना आपल्या घरासोबत मागच्या डोंगराचा एक तुकडाही आपण विकत घेतला आहे, हे तेव्हा उमगले. दुरुस्ती न केल्यास खासगी मालकावर धोकादायक उताराचा आदेश बजावता येतो.

या व्यवस्थेच्याही मर्यादा आहेत. ७ आणि ८ सप्टेंबर २०२३ च्या रात्री हाँगकाँग वेधशाळेत एका तासात १५८.१ मिलिमीटर पावसाची विक्रमी नोंद झाली. तेव्हा एका उच्चभ्रू समुद्रकाठच्या वसाहतीतील उतार कोसळला आणि तपासात काही बंगल्यांत विनापरवाना बांधकामे आढळली. जुन्या दगडी भिंतींवर वाढलेल्या वडांचाही तेथे एक वेगळाच वाद आहे. मुळे दगड धरून ठेवतात की फोडतात, यावर मतभेद आहेत. २०१५ मध्ये बॉनहॅम रोडवरील चार वड सुरक्षिततेच्या कारणास्तव तोडले गेले तेव्हा नागरिकांनी तीव्र नाराजी व्यक्त केली. भिंतीस येथे वारसा म्हणून पाहिले गेले, ही दुर्मीळ गोष्ट म्हणावी लागेल.

मुंबई आणि पुणे : आवाराची भिंत

मुंबईचा खडक ग्रॅनाइट नाही, बेसाल्ट आहे. त्यावर मुरूम आणि भराव आहे. पाऊस मात्र हाँगकाँगच्या तोडीचा आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्यापूर्वी जुलै २००० मध्ये घाटकोपर येथे टेकडीची दरड झोपड्यांवर येऊन साठहून अधिक माणसे गेली होती. अशा वस्त्यांमागे म्हाडाच्या मुंबई झोपडपट्टी सुधार मंडळामार्फत संरक्षक भिंती बांधल्या जातात. भारतीय मानक संस्थेने डोंगराळ भागातील संरक्षक भिंतींसाठी १९९७-९८ मध्ये मानके प्रसिद्ध केली आहेत आणि त्यांतील एक भाग सुक्या दगडी भिंतींच्या बांधकामास वाहिलेला आहे. म्हणजे ज्ञानाची उणीव येथेही नव्हती.

तरी अलीकडील तीन दुर्घटना एकत्र पाहिल्या असता एक वेगळीच बाब लक्षात येते. २९ जून २०१९ रोजी पुण्यातील कोंढवा येथे गृहसंकुलाची भिंत शेजारच्या बांधकाम मजुरांच्या पत्र्याच्या घरांवर कोसळून १५ जण गेले. त्यानंतर तीनच दिवसांनी, २ जुलैच्या पहाटेपूर्वी, मालाड येथील महापालिकेच्या जलाशयाच्या आवाराची भिंत पाण्याच्या लोंढ्याने पडून पिंपरीपाड्यातील सुमारे ३० माणसे मरण पावली. १८ जुलै २०२१ रोजी चेंबूरच्या वाशीनाका भागात भारत नगर येथे डोंगरउतारावरील भिंत घरांवर येऊन १९ जणांचा मृत्यू झाला. तिन्ही ठिकाणी कोसळलेली भिंत आवाराची होती. आवाराची भिंत हद्द दाखविण्यासाठी असते, अतिक्रमण अडविण्यासाठी असते. तिची उंची माणूस चढू नये इतकी ठरते, मातीच्या किंवा पाण्याच्या दाबावरून ठरत नाही. परंतु उतारावर बांधली गेली की मागे माती साचते, पाणी अडते आणि काही पावसाळ्यांत ती नकळत संरक्षक भिंतीचे काम करू लागते. कागदोपत्री मात्र ती आवाराची भिंतच राहते. तीन मीटर उंचीच्या भिंतीमागे पाणी माथ्यापर्यंत भरल्यास येणाऱ्या सहा टन रेट्याचा हिशेब अशा भिंतीसाठी कोणी केलेला नसतो, कारण नकाशावर तिच्यामागे माती दाखविलेलीच नसते.

मालकीचा प्रश्न येथे हाँगकाँगहून अधिक कठीण आहे. भिंत वरच्या संस्थेची असते, पायथ्याची वस्ती दुसऱ्याच जमिनीवर आणि बहुधा अनधिकृत ठरविलेली असते. खालच्या रहिवाशाने भिंतीस पोट आल्याची तक्रार करावयाची तर त्यास आधी आपण तेथे राहतो हे मान्य करावे लागते. जागा इतकी अपुरी असते की झोपडीची मागची बाजू म्हणून हीच भिंत वापरली जाते. मग पाझर छिद्रातून येणारे पाणी थेट घरात उतरते आणि ते छिद्र चिंधी किंवा सिमेंट घालून बुजविले जाते. सधन वस्तीही यातून सुटलेली नाही. ऑगस्ट २०२० मध्ये मलबार हिलवर बाळ गंगाधर खेर मार्गालगतचा उतार भिंतीसह खचला. तेथे जीवितहानी टळली, रस्ता बंद झाला आणि भिंत पुन्हा उभारण्याचे काम अभियंत्यांच्या देखरेखीखाली हाती घेण्यात आले. पिंपरीपाड्यासारख्या ठिकाणी वरच्या आवारात शिरण्याची परवानगी नसलेल्या माणसांना भिंतीची एकच बाजू दिसते, आणि निचऱ्याची गटारे, साचलेली माती व तुंबलेले पाणी हे सर्व दुसऱ्या बाजूस असते.